भरून आलेलं अंग आणि भरलेलं अंग

जिमला जायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला दुकानाचं शटर वर करता येईना. खाली वाकले, कडीत बोटं घातली आणि दोन्ही दंडांतून अशी कळ गेली की तिथंच पायरीवर बसले. शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातले दादा धावत आले. "ताई, पडलात का कुठं?" म्हणत त्यांनी शटर उचलून दिलं. मी म्हटलं, पडले नाही, जिम सुरू केलीय परवापासून. आणि खरं सांगते, त्या कळेचा मला आनंद झाला होता. अंग दुखतंय म्हणजे काहीतरी घडतंय, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं.

मी साताऱ्यात बायकांचे कपडे शिवते, प्रामुख्याने ब्लाऊज. एकवीस वर्षं झाली. हे काम बसून आणि वाकून करायचं. कटिंगच्या टेबलावर ओणवं होऊन मान आणि पाठीचा वरचा भाग आखडतो, मशीनवर बसून कंबर धरते. वयाच्या ४४ व्या वर्षी उजव्या खांद्यापासून मानेपर्यंत सतत ठणका सुरू झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस घेणार, स्नायूंना ताकद द्या. त्याच्या आदल्याच वर्षी आई बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसली होती. तिला उठवताना, बसवताना मला कळलं होतं की म्हातारपणी माणसाला खुर्चीतून उठवतात ते मांडीचे स्नायू, आणि ते नसले तर माणूस दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून जानेवारीत पोवई नाक्याच्या बाजूला एका छोट्या जिममध्ये नाव घातलं.

तिथला ट्रेनर पंचविशीतला, मेहनती, वागायला अदबशीर पोरगा. दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "मॅडम, दुखतंय ना? दुखायलाच पाहिजे. दुखलं म्हणजे मसल वाढतोय." हे वाक्य मी पुढं चार महिने उराशी धरून होते. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही कुणीतरी हेच सांगितलेलं होतं. पण या वाक्यामुळे माझे चार महिने गेले, एका बाईचा पैठणीचा ब्लाऊजपीस गेला, आणि म्हणूनच हे सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटतं.

माप घेणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी स्वतःची मापं घेऊन दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली होती. दंडघेर साडेदहा इंच, मांडी मधोमध साडेवीस. ज्या दिवशी शटर उचललं नाही, त्या दिवशी दुपारी मी पुन्हा दंडावर टेप लावली. पावणेअकरा! तीन दिवसांत पाव इंच. मला इतका हुरूप आला की मी ते लाल पेनने लिहिलं. पुढच्या आठवड्यात दुखणं गेलं, टेप लावली तर पुन्हा साडेदहा. वाटलं, दुखणं थांबलं तशी वाढही उतरली, म्हणजे दुखणं थांबू द्यायचं नाही. इतका सरळ हिशेब होता माझा. ती सूज होती, ताणलेल्या स्नायूत भरलेलं पाणी होतं, हे कळायला मे महिना उजाडला.

मग मी दुखण्याच्या मागे लागले. एखादा व्यायाम दोनदा केला की तिसऱ्या वेळी त्याने दुखायचं नाही. मग मी ट्रेनरला म्हणायची, आज काहीतरी वेगळं दे. तोही द्यायचा. कधी लंजेस, कधी बेंचवर चढउतार, कधी बॉलवर झोपून पाय उचलणं. प्रत्येक वेळी नवीन काहीतरी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी मांड्या, कधी छाती, कधी पोटऱ्या भरून यायच्या. जिना उतरताना कठड्याला धरून आडवी उतरायची. झोपताना कूस बदलता यायची नाही, म्हणून पेनकिलर घ्यायला लागले, आठवड्यातून तीन-चार वेळा. आणि आठवड्यातून तीनदा जिमला जायचं ठरलेलं असताना, एका खेपेला इतकं अंग आंबलेलं असायचं की दुसरी खेप चुकायची.

एप्रिलमध्ये लग्नसराईची कामं होती. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या लेकीची पैठणी होती, मोरपंखी, आणि ब्लाऊजपीस साडीलाच जोडून आलेला, म्हणजे दुसरा मिळण्याची सोय नाही. आदल्या दिवशी मी डंबेल उघडझाप केली होती, दोन्ही हात पसरून छातीचा व्यायाम. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कापताना कात्री वळवायची असते, आणि ती खांद्यातून वळते, मनगटातून नव्हे. खांदा आणि छाती इतकी धरलेली होती की हात मध्येच थबकला आणि कात्री पाऊण इंच आत गेली. एकवीस वर्षांत माझी कात्री अशी गेली नव्हती. त्या बाईंना बोलावून मी खरं ते सांगितलं. मागचा गळा खोल करून आणि काठाची पट्टी फिरवून निभावून नेलं, शिलाई घेतली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री मी वही काढली. साडेतीन महिने झाले होते. दंडघेर साडेदहा. मांडी साडेवीस. आणि डंबेल? जानेवारीत ५ किलोचं घेत होते, एप्रिल आला तरी पाचच. कारण कुठलाच व्यायाम सलग दोन आठवडे केलेला नव्हता, वजन वाढणार कसं?

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सांगितलं तेव्हा ते ऐकून घेत होते. अप्पा तरुणपणी गावच्या तालमीत मेहनत करायचे. कुस्तीत फार नाव केलं नाही, पण आता ७६ व्या वर्षीही त्यांची मान आणि खांदे बघितले की कळतं. ते म्हणाले, "आगं, आमचं वस्ताद नव्या पोराला पैल्या दिवशी वीस-पंचवीसच्या वर जोर काढूच द्यायचं न्हाईत. जास्त काढलं की पोरगं दुसऱ्या दिवशी तालमीत येत न्हाई. आन जे येत न्हाई त्याचं अंग कसं भरंल?" मग थोडं थांबून म्हणाले, "आंग भरून येनं येगळं आन आंग भरनं येगळं."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, पण त्या दिवशी ते लागलं. आपल्या भाषेत दोन्हीला एकच क्रियापद. पाय भरून आले म्हणजे दुखायला लागले. पोरगं अंगाने भरलं म्हणजे वाढलं. शब्द एक असल्यामुळे मी दोन गोष्टी एकच समजत होते. तालमीतल्या माणसाला मात्र हा फरक पक्का माहीत होता. वस्तादाला काही प्रयोगशाळा लागली नव्हती. रोज येणारा पोरगा आणि चार दिवस अंथरुणाला खिळणारा पोरगा, दोघंही त्याच्या डोळ्यासमोर वाढत होते.

शास्त्र मला कळलं ते मे महिन्यात, दुकानात, माप घेताना. एक फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याकडे नेहमी ब्लाऊज शिवतात. मी त्यांना डॉक्टर म्हणते, त्या मला ताई म्हणतात. दंडघेर घेताना मी सहज म्हटलं, तुमचा दंड किती घट्ट आहे, माझा चार महिने दुखतोय पण टेप हलत नाही. त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. हात तसाच बाजूला धरून त्यांनी विचारलं, "ताई, अजिंक्यताऱ्यावर जाता ना तुम्ही? दम कधी लागतो?" मी म्हटलं, चढताना. "आणि दुसऱ्या दिवशी मांड्या कशाने दुखतात?" मी विचार केला. उतरण्याने. सातारकराला हे सांगायला नको. चढताना फुप्फुसं फुटायची वेळ येते, पण दोन दिवस जिना नकोसा होतो तो उतारामुळे. आपल्याकडे सातारा हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि त्याच घाटाने पळत खाली यायचं. पळणाऱ्यांना विचारा, दुसऱ्या दिवशी मांड्यांची पुढची बाजू कशामुळे धरते. परतीच्या उतारामुळे.

वजन उचलताना स्नायू आखूड होतो. तेच वजन सावकाश खाली सोडताना स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता ब्रेक लावत असतो. या लांबत्या कामात कमी तंतू जास्त ताण सोसतात, आणि अंगाला सवय नसली तर त्यांच्या आत बारीक ठिकाणी विस्कळीतपणा येतो. मग काही तासांनी दाह सुरू होतो, सूज येते, आणि त्या भागातल्या नसांची टोकं हळवी होतात. हळवी झालेली नस साध्या दाबालाही कळ म्हणते. म्हणून दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या दिवशी सुरू होतं, साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत जातं. याला डॉम्स म्हणतात, म्हणजे उशिरा येणारं स्नायूंचं दुखणं. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ सालीच याचं वर्णन करून ठेवलं होतं, आणि स्नायूच्या आत काहीतरी फाटत असावं असा अंदाजही बांधला होता.

मी म्हटलं, पण लॅक्टिक ॲसिड साठतं म्हणून दुखतं ना? आपण तर अंग आंबलं असंच म्हणतो. डॉक्टर म्हणाल्या, व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे तुम्ही म्हणता ते लॅक्टिक ॲसिड, पुन्हा नेहमीच्या पातळीवर येतं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. १९८३ सालच्या एका प्रयोगात काही लोकांना सपाटीवर पळवलं आणि काहींना उतारावर. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट वाढलं, पण नंतर अंग दुखलं नाही. उतारवाल्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, आणि त्यांचेच पाय दुखले. हे ऐकून मला अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता डोळ्यासमोर दिसला. तोच प्रयोग मी दर रविवारी करत होते.

मग तो माझा खरा प्रश्न. दुखणं वाढीचं लक्षण आहे की नाही? डॉक्टरांनी पर्समधून मोबाइल काढला, पण वाचून दाखवायच्या आधी एवढंच म्हणाल्या: दुखणं सांगतं की अंगाला हे नवीन होतं, ते वाढीचं माप नाही. काझुनोरी नोसाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असं आढळलं होतं की दुखण्याची तीव्रता आणि स्नायूला झालेली इजा यांचाही नीट मेळ बसत नाही. म्हणजे जास्त दुखलं म्हणून जास्त मोडलं असंही खात्रीने म्हणता येत नाही, मग जास्त वाढलं हे तर फार लांबचं.

दोन अभ्यास मला त्या दिवसापासून पाठ आहेत. पहिला २०११ चा, अमेरिकेतला. पायांनी रेटा अडवायचा, म्हणजे सगळं लांबतं काम करायचं, अशा एका सायकलसारख्या यंत्रावर दोन गट होते. एका गटाला आधी तीन आठवडे हलक्या हाताने सवय लावली, त्यामुळे त्यांचे पाय फारसे दुखले नाहीत. दुसऱ्या गटाला एकदम जुंपलं. त्यांचे पाय दुखले आणि रक्तात स्नायूच्या इजेची खूणही वाढलेली दिसली. मग दोघांनी ८ आठवडे तोच व्यायाम केला. शेवटी मांडीचा स्नायू दोन्ही गटांत सारखाच वाढला, ताकदही सारखीच. माणसं थोडी होती, १४ फक्त. पण मला त्यात अप्पांचे वस्ताद दिसले. दुसरा २०१६ चा, ब्राझीलमधला. दहा तरुणांच्या मांडीतून नमुने घेऊन नवीन प्रथिनं किती तयार होतात हे पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात आणि दहाव्या आठवड्यात मोजलं. पहिल्या आठवड्यात, इजा सर्वांत जास्त असताना, प्रथिनंही सर्वांत जास्त तयार होत होती. पण पुढे ज्याचा स्नायू जास्त वाढला, त्याच्याशी पहिल्या आठवड्याच्या आकड्याचा मेळ बसत नव्हता. मेळ बसला तो तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्याच्या आकड्यांचा, जेव्हा इजा कमी झाली होती. सुरुवातीचं बांधकाम डागडुजीत खर्च होत होतं.

डागडुजी हा शब्द माझा. शिवणारीला तो लगेच कळतो. दिवसभर रफू आणि आल्टरचीच कामं आली तर संध्याकाळी हात दुखतात, पण नवीन ब्लाऊज एकही तयार झालेला नसतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त धक्का देऊन गेली. स्वीडनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात वजनाचा व्यायाम करणाऱ्या तरुणांना ८ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिलं. ज्यांना त्याऐवजी फक्त ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं होतं, त्यांच्या तुलनेत आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांचा स्नायू साधारण निम्माच वाढला. माझा डोस तेवढा नव्हता आणि मी त्या वयाचीही नाही. तरीही दुखणं ओढवून घ्यायचं, मग ते दाबायला गोळी घ्यायची, असं मी चार महिने करत होते, हे मला मान्य करावं लागलं. दाह म्हणजे सगळा वाईट नव्हे, दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते.

त्या दिवशी डॉक्टरांचा हात पुष्कळ वेळ तसाच टेपमध्ये अडकून राहिला होता, माझ्या लक्षातच आलं नाही. जाताना म्हणाल्या, "ताई, तुम्ही गिऱ्हाइकाला विचारता का, ब्लाऊज कसा वाटतोय, आणि त्यावर माप लिहिता? टेपच लावता ना? मग इथंही वजन, वेळा आणि टेप. बाकी काही लिहू नका."

१५ मेपासून मी नवी वही घातली. पाचच व्यायाम: डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे बैठका; रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकत वजन खाली नेऊन वर आणणं; डंबेल रो, म्हणजे वाकून डंबेल अंगाकडे ओढणं; डंबेल प्रेस, म्हणजे डंबेल वर रेटणं; आणि बायसेप कर्ल, म्हणजे कोपरात हात मुडपून डंबेल उचलणं. आठवड्यातून तीन दिवस, तेच, तसेच. पहिल्या दोन आठवड्यांत मुद्दाम इतकं हलकं वजन घेतलं की ट्रेनरला चुकल्यासारखं वाटत होतं. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, हे त्याचं मोठेपण. खाली सोडताना दोन-तीन आकडे मोजून सावकाश सोडायचं, झटकन टाकायचं नाही, कारण ते लांबतं काम स्नायूला हवंच असतं. इथे एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. ज्या हालचालीत स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार घेतो, ती दुखवतेही जास्त आणि वाढीलाही चांगली असते. म्हणूनच लोकांचा गोंधळ होतो. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात, पण एक दुसरीमुळे घडत नाही. दुखणं काही आठवड्यांत विझतं. वाढ चालू राहते, जोवर भार वाढता ठेवला आहे तोवर.

दुखणं विझताना मी प्रत्यक्ष पाहिलं. रोमानियन डेडलिफ्ट पहिल्यांदा केलं तेव्हा मांडीची मागची बाजू चार दिवस ओढत होती, तीही हलक्या वजनाने. दुसऱ्या आठवड्यात दीड दिवस. चौथ्या आठवड्यात वजन दुप्पट, आणि दुसऱ्या दिवशी फक्त वाकताना जरा जाणवलं. एकदा झालेली झळ स्नायू लक्षात ठेवतो, तोच व्यायाम पुन्हा आला की कमी दुखावतो, आणि ही राखण काही आठवडे, कधी कधी काही महिनेसुद्धा टिकते. एप्रिलपर्यंत मी हीच राखण मोडायला धडपडत होते.

जूनमध्ये मन खचलं होतं, हेही सांगते. वजनं वाढत होती, स्क्वॉट ५ वरून १० किलोवर आला होता, दुखत काहीच नव्हतं, आणि टेप साडेदहावरच. जिमहून चालत येताना अंग इतकं मोकळं असायचं की आपण केलं तरी काय असं वाटायचं. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिले काही आठवडे ताकद वाढते ती जास्त करून मेंदू आणि नसा शिकतात म्हणून. स्नायूला वेळ लागतो, खा आणि थांबा. खाण्याचं मी गंभीरपणे घेतलं तेव्हापासून. माझं वजन ५८ किलो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं घ्यावीत असं त्या म्हणाल्या, म्हणजे ९० च्या वर. भाकरी-भाजीत तेवढं बसत नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, संध्याकाळी वाटीभर घट्ट दही आणि शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा चिकन. ७० च्या आसपास पोचत होते, तेवढ्यावर समाधान मानलं.

ऑगस्टमध्ये टेप पहिल्यांदा हलली. सकाळी, जिमला न जाता, तीन दिवस विश्रांती घेतल्यावर मोजली होती, म्हणजे सुजेचा प्रश्न नाही. साडेदहाच्या रेघेच्या पलीकडे दोन रेघा. मी टेप सोडून पुन्हा लावली, मग शेजारच्या मुलीकडून मोजून घेतली. तेवढीच.

भाच्याची गोष्ट याच दिवसांतली. तो पोलीस भरतीची तयारी करतो. डेंग्यूमुळे दोन महिने व्यायाम बंद होता. बरा झाल्यावर मित्रांशी पैज लावून एका दिवसात ३०० बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या टणक सुजल्या, आणि तो घरी सांगत होता, "दुखतंय म्हणजे कामाला लागलंय." संध्याकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तेव्हा वहिनीने मला फोन केला. माझ्या अंगावर काटा आला, कारण डॉक्टरांनी हे एक लक्षण मला आधीच सांगून ठेवलं होतं. स्नायू इतके मोडतात की त्यातलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तासाभरात दवाखान्यात नेला, पाच दिवस सलाइन, मूत्रपिंड वाचलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असता तर अवघड होतं. जो कुणी हे वाचत असेल आणि ज्याच्या घरात भरतीची तयारी करणारी पोरं असतील, त्याने एवढं तरी पोरांच्या कानावर घालावं: खंड पडल्यावर जुन्या आकड्यापासून सुरुवात करायची नाही, आणि लघवी गडद झाली तर वाट बघायची नाही.

खंड मलाही पडला. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत शिवणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. पाच आठवडे जिमचं तोंड बघितलं नाही. दिवाळी झाल्यावर गेले, स्क्वॉटला आधीपेक्षा ५ किलो कमी घेतले, तरी दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. वजन कमी आणि दुखणं जास्त. मी वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं. दुखणंच वाढीचं लक्षण असतं, तर पाच आठवडे नुसती बसून राहिल्यानंतरचा तो आठवडा माझा सगळ्यात वाढीचा आठवडा ठरला असता. दोन आठवड्यांत मी पुन्हा जुन्या वजनावर आले, आणि दुखणं पुन्हा नाहीसं झालं.

आता दुखलं तर मी घाबरतही नाही आणि हुरळतही नाही. स्नायूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखत असेल तर हलका व्यायाम करते, चालते, अंग मोकळं होतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, एकाच बाजूला दुखलं, किंवा करता करताच कळ आली, तर तिथंच थांबते. ते दुखणं वेगळं असतं. ताणण्याचे व्यायाम करून डॉम्स जातो असंही पुष्कळ जण सांगतात. मी केले, फरक नगण्य. डॉक्टरही म्हणाल्या, अभ्यासांतही तेवढंच दिसलंय. आणि ज्यांचं अंग कधीच दुखत नाही, त्यांनी मन छोटं करू नये. आमच्या जिममधली एक मुलगी अशीच आहे. तिला कधी दुखत नाही म्हणून तिला वाटायचं, आपला व्यायाम वाया जातोय. मी तिला तिची वजनं लिहायला लावली.

डिसेंबरमध्ये पुतणीचं लग्न होतं. माझा स्वतःचा जांभळ्या इरकलीवरचा ब्लाऊज, दोन वर्षांपूर्वी शिवलेला. आदल्या रात्री घालून बघितला. अंगात, छातीत, कंबरेत जसाच्या तसा बसला. बाही मात्र दंडावर चढेना, कोपराच्या वर चार बोटं येऊन अडली. त्या आठवड्यात मी तीन वेळा जिमला गेले होते आणि अंगात कुठंही, कणभरही दुखत नव्हतं. टेप लावली. दंडघेर अकरा. माझं वजन जवळपास तेवढंच, ५९ किलो.

प्रत्येक ब्लाऊजच्या बाहीत मी आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडते आणि शिवणीच्या दोन ओळी मारते. बाई अंगाने भरली तर आतली ओळ काढायची. आजवर हजारो ब्लाऊजांची अशी ओळ उसवली असेल, बाळंतपणानंतर, आजारातून उठल्यावर. त्या रात्री दिव्याखाली बसून उसवणीने माझ्या बाहीची आतली ओळ काढली, एकेक टाका. मग हात घातला. बाही दंडावर बेताची, बरोबर बसली.